दिवाळी झाली की गोबर गॅस कमी पडतो: दोष शोधायचा कुठून?

तक्रार दरवर्षीची आणि ठरलेली. पावसाळाभर बरा चाललेला गॅस दिवाळीनंतर मंदावतो. डिसेंबरात भाकरी होतात पण आमटी राहते, जानेवारीत एलपीजीचा सिलिंडर जोडावा लागतो आणि मार्च उजाडला की गॅस आपोआप सुधारतो. "थंडीनं होतंय" म्हणून विषय तिथंच सुटतो आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

थंडीचा वाटा आहेच. शेण कुजवून गॅस करणाऱ्या जिवाणूंना ३० ते ३८ अंश तापमान मानवतं. २० अंशांच्या खाली त्यांचं काम रेंगाळतं. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १४-१५ अंशांच्या आसपास असतो, पण टाकी जमिनीत असल्यामुळं आतला काला, म्हणजे शेण-पाण्याचं मिश्रण, एवढा थंड होत नाही. म्हणून निव्वळ थंडीनं गॅस पाव हिश्श्यानं, फार तर एक तृतीयांशानं घटतो असं धरावं. निम्म्यावर किंवा त्याखाली आला तर टाकीत, घुमटात, नळीत किंवा शेगडीत दुसरा काहीतरी दोष आहे आणि थंडी फक्त तो उघडा पाडते.

आपल्या भागात तर दिवाळीच्या सुमाराला तीन गोष्टी एकावर एक येतात. पावसाळ्यात टाकीत शिरलेल्या पाण्यानं काला पातळ झालेला असतो. साखर कारखाने सुरू होऊन गोठ्यात उसाचं वाडं (उसाचे शेंडे आणि पाती) येतं. आणि पाठोपाठ थंडी पडते. टाकीतल्या कामाला महिना-दीड महिना लागत असल्यानं सप्टेंबरात बिघडलेलं नोव्हेंबरात दिसतं. त्यामुळं कालपरवा काय बदललं ते आठवत बसण्यात अर्थ नसतो.

पुढचं सगळं वीटबांधकामाच्या २ घनमीटर दीनबंधू प्लँटला धरून आहे, म्हणजे जमिनीतली टाकी, तिच्यावर पक्का घुमट आणि रोज २ घनमीटर गॅस. शेण आत घालायचं तोंड म्हणजे इनलेट, पिकलेला काला बाहेर पडतो ती कुंडी म्हणजे आउटलेट. १, ३ किंवा ४ घनमीटरचा असेल तर आकडे त्या पटीत घ्या. लोखंडी तरंगत्या टोपीच्या जुन्या प्लँटलाही बरंचसं लागू आहे. फक्त तिथं गॅस किती साठला ते टोपीच्या उंचीवरून कळतं, आउटलेट बघावं लागत नाही.

आधी हिशेब जुळतो का बघा

२ घनमीटर गॅसला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एक किलो शेणातून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. गोठ्यात बांधून असलेली मोठी म्हैस दिवसाला १५ किलोच्या आसपास शेण टाकते, गाय १० किलोच्या. म्हणजे तीन-चार म्हशी हव्यात. प्लँट बांधला तेव्हा पाच जनावरं होती, आता एक म्हैस नि एक रेडकू उरलंय, आणि गॅस मात्र पूर्वीइतकाच हवा, अशी घरं गावोगाव आहेत. तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. शेजारच्या गोठ्यातलं शेण ठरवून आणावं, नाहीतर एकाच वेळचा स्वयंपाक गॅसवर करावा.

"रोज चार पाट्या घालतो" हे माप नव्हे. एक पाटी किंवा घमेलं काट्यावर ठेवून शेणासकट वजन एकदाच करून घ्या, रिकाम्याचं वजा करा आणि भिंतीवर आकडा लिहून ठेवा. घमेलं काठोकाठ की शिगोशीग, एवढ्यानंच दोन-तीन किलोंचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना सांगितलेली असते. दीनबंधूच्या घुमटात दिवसाच्या गॅसपैकी सुमारे एक तृतीयांशच मावतो. २ घनमीटरच्या प्लँटला हा साठा साधारण ६५० लिटर. घरगुती बर्नर तासाला ४५० लिटरच्या आसपास गॅस खातो. म्हणजे भरलेल्या घुमटावर एक बर्नर सलग दीड तास चालेल, त्याहून जास्त नाही. दिवसाला साडेचार तास मिळतात ते तीन वेळा विभागून. रिकामा घुमट नीट चालणाऱ्या प्लँटमध्ये आठ तासांत भरतो आणि भरल्यावर पुढचा गॅस आउटलेटमधून बुडबुड्यांनी निघून जातो. सकाळी एकदाच दोन्ही बर्नर पेटवून सगळं उरकणाऱ्या घरात गॅस "तासभरच चालतो", तो दोष नव्हे. सकाळी स्वयंपाक, दुपारी जनावरांची आंबोण शिजवणं किंवा पाणी तापवणं, रात्री पुन्हा स्वयंपाक असं वाटलं की तोच प्लँट पुरतो.

आउटलेटवरची खूण

हिशेब जुळत असेल आणि तरी गॅस कमी असेल, तर काहीही उघडायच्या आधी एक रात्र आउटलेट वाचा. घुमटात गॅस साठला की तो काला खाली दाबतो आणि तेवढा काला आउटलेटच्या कुंडीत वर चढतो. गॅस वापरला की पातळी उतरते. टाकीच्या आत काय चाललंय ते बाहेरून दाखवणारी एवढी एकच जागा आहे.

रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर गॅस पूर्ण संपू द्या, शेगडी बंद करा आणि घुमटावरचा मुख्य कॉक बंद करा. घरातला कॉक बंद करून चालणार नाही, मधली नळीही वेगळी पडली पाहिजे. आउटलेटच्या फरशीची झाकणं सरकवून कुंडीच्या भिंतीवर काल्याच्या पातळीला खडूनं रेघ मारा. वर साय धरली असेल तर आधी काठीनं मोडून घ्या. झाकणं परत लावा, पोरं आणि वासरं कुंडीत पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. सकाळी शेण घालायच्या आधी पुन्हा पातळी बघा आणि दुसरी रेघ मारा. त्या दिवशी गॅस वापरू नका, शेणही घालू नका. दुपारी आणि संध्याकाळी आणखी दोन रेघा.

आता रेघा बोलतील.

सकाळपर्यंत काला सांडव्याच्या (कुंडीतून जादा काला बाहेर सांडतो त्या वाटेच्या) तोंडाशी पोचला, तर गॅस नीट बनतोय आणि घुमटही धरतोय. दोष नळीत किंवा शेगडीत. टाकीला हात लावू नका.

पातळी हळूहळू चढते, पण दिवसभर चढतच राहते आणि संध्याकाळी कधीतरी सांडव्याला लागते, तर घुमट ठीक आहे, गॅस कमी बनतोय.

पातळी सकाळी निम्म्यापर्यंत चढली आणि मग दिवसभर तिथंच अडून बसली, तर घुमट गळतोय. ठरावीक दाबाला जेवढा गॅस बनतो तेवढाच बाहेर जातो, म्हणून रेघ पुढं सरकत नाही.

हे तीन प्रकार वेगळे न करता गवंडी बोलावून टाकी उपसली की दहा-पंधरा हजारांचा खर्च आणि दोन महिन्यांचा गॅस दोन्ही जातात, आणि निम्म्या वेळा दोष नळीतल्या ओंजळभर पाण्याचा निघतो.

गॅस कमी बनतोय: पाणी, चगळ आणि औषधं

सगळ्यात जास्त गडबड इथं असते.

पहिला संशय पाण्यावर. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा या पट्ट्यात इनलेटच्या मिश्रणटाकीत आणि आउटलेटच्या कुंडीत पावसाचं पाणी शिरत असेल, तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत टाकीतला काला धुऊन निघतो. गोठा धुतलेलं सगळं पाणी नालीनं थेट इनलेटला जोडलेलं असेल तर हाच प्रकार बारमाही चालतो. ५० किलो शेणामागं ५० लिटरऐवजी १५० लिटर पाणी गेलं की ४० दिवस टाकीत थांबायचा काला २० दिवसांत बाहेर पडतो, अर्धा कच्चा. ओळख सोपी आहे. चांगल्या प्लँटची स्लरी, म्हणजे आउटलेटला येणारा काला, काळपट असते, तिला शेणाचा वास येत नाही आणि तिच्यावर माश्या बसत नाहीत. तुमच्या आउटलेटला ताज्या शेणाचा वास असेल, रंग हिरवट-पिवळा असेल आणि माश्या घोंगावत असतील, तर काला न पिकताच बाहेर येतोय.

उपाय: गोठ्याच्या नालीला इनलेटच्या आधी एक फाटा काढा आणि तोंडाला गोणपाटाचा बोळा किंवा पाटी ठेवा, म्हणजे मोजलेलं पाणीच आत जाईल आणि बाकीचं सरळ खड्ड्यात. मिश्रणटाकीवर पत्रा टाका. आउटलेटच्या फरश्यांमधल्या फटी सिमेंटनं पक्क्या बुजवू नका, कुंडी साफ करायला उघडावी लागते. वरून पत्रा पुरे. काला पातळ झालेला असेल तर पंधरा दिवस पाणी थोडं कमी घ्या, ५० किलोला ४० लिटर. याहून घट्ट केलं तर इनलेटच्या पाइपात अडकतं.

दुसरा संशय चगळीवर. वाड्याचे दिवस आले की गव्हाणीखाली चघळून टाकलेल्या कांड्या, पाती आणि चोथा साचतो. शेण गोळा करताना हे सगळं त्यात येतं. ते कुजत नाही, वर तरंगतं आणि काल्यावर वीतभर जाडीचा थर धरतो. खाली गॅस बनतो पण थर फोडून वर यायला त्याला जागा मिळत नाही. शिवाय वाड्यावरच्या जनावराचं शेण मुळातच जास्त चोथट असतं.

शेण-पाणी कालवताना हातानं गुठळ्या फोडायच्या आणि तरंगणारी चगळ काढून टाकायची, एवढ्यानं निम्मं काम होतं. मिश्रणटाकीच्या तोंडाशी दोन-अडीच सेंटिमीटर छिद्राची जाळी बसवा. आधीच थर धरला असेल तर इनलेटच्या पाइपातून लांब बांबू घालून वर-खाली ढवळा. बांबूच्या टोकाला वितीएवढी गोल फळी खिळली की काम लवकर होतं. रोज सकाळी शेण घालण्याआधी वीस-पंचवीस वेळा, आठ-दहा दिवस. आउटलेटच्या बाजूनंही तेवढंच. ढवळताना आउटलेटला बुडबुडे जोरात आले तर थर मोडतोय. ढवळताना बिडी-काडी जवळ नको.

गाळाचंही इथंच सांगून टाकू. मुरमाच्या गोठ्यात शेण खोऱ्यानं ओढलं की मुरूम आणि वाळू त्याबरोबर येते आणि तळाशी बसते. आठ-दहा वर्षं उपसलेला नसेल तर टाकीचा चौथा हिस्सा गाळानं भरलेला असू शकतो. यावर ढवळण्यानं काही होत नाही, उन्हाळ्यात उपसावंच लागतं. गोठ्यात शहाबादी फरशी किंवा कोबा असेल तर हा त्रास फार कमी.

तिसरा संशय औषधांवर. गोठा फिनाइलनं किंवा ब्लीचिंग पावडरीनं धुतलेलं पाणी, गोचिडावर मारलेलं औषध, खुरांसाठीचं मोरचुदाचं पाणी, कपडे धुण्याचा साबणसोडा यातलं काहीही टाकीत गेलं की जिवाणू मरतात. दगडीला (कासेच्या सुजेला) प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालू असलेल्या म्हशीचं शेण औषध चालू असेतो आणि त्यानंतर आठवडाभर टाकीत नको, उकिरड्यावर टाका. दुधाला जो नियम आपण पाळतो तोच शेणालाही.

टाकी आंबली असेल तर

गॅस बनतो, आउटलेट चढतं, पण काडी लावली की पेटत नाही किंवा पेटून विझतो. स्लरीला आंबूस वास येतो. शेतीच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात पीएचच्या (आंबटपणा मोजायच्या) कागदी पट्ट्या मिळतात, त्यातली एक आउटलेटच्या काल्यात बुडवा. ६.८ ते ७.५ असेल तर ठीक. ६.५ च्या खाली असेल तर टाकी आंबली.

याचं कारण बहुतेकदा अतिउत्साह. गॅस वाढावा म्हणून एकदम दुप्पट शेण घालणं, लग्नकार्याचं खरकटं ओतणं, आणि आपल्याकडं खास करून गूळ किंवा काकवी घालणं. गुऱ्हाळाची मळी घातली की गॅस वाढतो असं सांगणारे भेटतात. चार दिवस वाढतोही. पण गोड पदार्थाचं आम्ल झपाट्यानं होतं आणि त्या आम्लाचा गॅस करणारे जिवाणू सावकाश वाढणारे असतात. ते मागं पडले की टाकीत आम्ल साचतं आणि घुमटात नुसता कार्बन डायऑक्साइड भरतो. नीट चाललेल्या टाकीत मिथेन ५५ ते ६५ टक्के असतं. ते बरंच खाली आलं की गॅस जळत नाही.

आंबलेल्या टाकीला आधी उपाशी ठेवा. पाच-सात दिवस काहीही घालू नका, रोज ढवळा. मग गावातल्या नीट चालणाऱ्या प्लँटची आठ-दहा बादल्या स्लरी आणून इनलेटनं सोडा. जवळपास धडका प्लँट असणं यासारखा दुसरा उपाय नाही. त्यानंतर रोजच्या पाव हिश्श्यानं शेण सुरू करा आणि आठवड्याला पाव हिस्सा वाढवत चला. पट्टी ६ च्या आसपास दाखवत असेल तर विरवलेला चुना बादलीभर पाण्यात कालवून घालता येतो, एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त नको आणि दोन दिवसांआड पट्टी बघूनच पुढचा. एकदम पाच किलो चुना ओतणं म्हणजे एक रोग काढून दुसरा घालणं.

थंडीपुरतं बोलायचं तर शेण पहाटे घालू नका. सकाळी बादल्या उन्हात ठेवा, साडेअकरा-बाराला कोमट झालेल्या पाण्यात कालवा आणि लगेच सोडा. रात्रभर उघड्यावर गार पडलेल्या शेणापेक्षा त्याच सकाळचं ताजं शेण बरं. घुमटावर हातभर माती असायलाच हवी, तिच्यावर पाचटाचा दोन फूट जाड ढीग रचा. ओलं शेणखत रचलं तर कुजताना तेही थोडी ऊब देतं. घुमट उघडा ठेवून त्यावर काळा कागद टाकायची युक्ती काही जण करतात. दिवसा तो तापतो, रात्री त्याहून जास्त गार होतो, आणि ऊन-थंडीनं घुमटाला केसासारख्या भेगा पडतात.

घुमट गॅस धरत नाही

रेघ अर्ध्यावर अडून बसली असेल तर आधी स्वस्त जागा तपासा. घुमटातून वर आलेल्या लोखंडी पाइपाचे आटे, कॉकची मान आणि पहिला एल्बो. साबणाचा फेस ब्रशनं लावा, बुडबुडा फुगला की जागा सापडली. काडी लावून गळती शोधू नका. गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडनं पाइपाचे आटे आतून खाल्ले जातात, म्हणून सात-आठ वर्षांत हा तुकडा बदलावाच लागतो. आट्यांना सुतळी-सफेता किंवा टेफ्लॉन टेप दोन्ही चालतात.

तिथं काही नसेल तर गॅस भरलेला असताना घुमटावरच्या मातीवर बादल्यांनी पाणी ओता. भेग असेल तर चिखलातून बुडबुडे येतात. बऱ्याचदा त्याआधीच खूण मिळते, त्या जागचं गवत पिवळं पडून मेलेलं असतं. मुसळधार पावसात घुमटावरची माती वाहून जाते आणि कोणी लक्ष देत नाही. आतला दाब पाण्याच्या ९०-१०० सेंटिमीटर उंच स्तंभाइतका होतो आणि तो पेलायला वरच्या मातीचं वजन लागतं. घुमटावरून ट्रॉली किंवा बैलगाडी गेली असेल तर वेगळं सांगायला नको.

भेग बाहेरून लिंपून उपयोग नाही, दाब आतून असतो. टाकी रिकामी करून आतल्या बाजूनं एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा, त्यावर निव्वळ सिमेंटची घोटाई आणि वाळल्यावर रंगाचे दोन हात, हे काम दीनबंधू बांधलेल्या गवंड्याकडूनच करून घ्या. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी केली की असे गवंडी कळतात. काम मार्च ते मे या काळातच. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर असतं, रिकाम्या टाकीला ते बाहेरून रेटतं आणि चांगला तळही उचलतो.

रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत कोणीही लगेच उतरायचं नाही. आत प्राणवायू नसतो, तळाशी कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेलं असतं. हायड्रोजन सल्फाइड जास्त असलं की वासही येईनासा होतो. माणूस दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. मुख्य कॉक उघडा, घुमटावरचा पाइपाचा तुकडा काढा, इनलेट-आउटलेट पूर्ण उघडी ठेवा, काला पंपानं किंवा बाहेरून बादलीनं उपसा, मग काही दिवस टाकी उघडी टाकून ब्लोअरनं हवा मारा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोर धरलेली दोन माणसं. दिवा किंवा कोंबडी सोडून बघायची जुनी पद्धत वापरू नका. दिव्यानं तर भडकाच उडेल.

गॅस आहे पण शेगडीपर्यंत येत नाही

ज्योत लप-लप करते, मोठी-बारीक होते, मध्येच विझते. हे नळीतलं पाणी. टाकीतून निघणारा गॅस वाफेनं भरलेला असतो, थंडीत नळीत ती वाफ थिजून पाणी होतं. नळी कुठं झोळ घेऊन लोंबत असेल तर पाणी त्या झोळात साचतं आणि गॅस गुळण्या करत जातो. दिवाळीनंतरच्या "गॅस कमी" तक्रारींपैकी बऱ्याच इथंच मिटतात.

नळीला टाकीकडं किंवा पाणी काढायच्या जागेकडं सलग उतार हवा, शंभर फुटाला किमान एक फूट. सगळ्यात खालच्या जागी टी जोडून तिच्या खालच्या तोंडाला बूच किंवा छोटा कॉक. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, थंडीत नि पावसात दर दोन दिवसांनी तो उघडून पाणी काढा आणि गॅसचा वास आला की लगेच बंद करा. वीस मीटरपर्यंत अर्ध्या इंची नळी चालते, गोठा लांब असेल तर पाऊण इंची टाका. उघड्यावरची प्लॅस्टिक नळी उन्हानं तडकते आणि शेगडीजवळची रबरी नळी उंदीर कुरतडतात.

दाब मोजायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. अडीच मीटरचा तुकडा फळीवर यू आकारात ठोका, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, एक टोक शेगडीच्या आधी टी टाकून जोडा, दुसरं मोकळं. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक सेंटिमीटरमध्ये मोजला की तोच दाब. आता शेगडी बंद ठेवून घुमटावरचा कॉक बंद करा आणि वीस मिनिटं बघा. फरक घटत गेला तर नळी गळते, स्थिर राहिला तर नळी धडकी.

शेगडी

एलपीजीची शेगडी तशीच जोडली असेल तर भांडण तिथंच संपतं. तिचं जेट (गॅस सोडणारं छिद्र) एक मिलिमीटरहूनही बारीक असतं, बायोगॅसच्या बर्नरला २ मिलिमीटरच्या पुढचं लागतं. ड्रिलनं जेट मोठं करण्यापेक्षा बायोगॅसचीच शेगडी घ्या, बर्नरची छिद्रंही वेगळी असतात.

ज्योत बर्नरपासून उचलली जाऊन विझत असेल तर दाब किंवा हवा जास्त. घुमट भरलेला असताना कॉक अर्धाच उघडा, शेगडी पाण्याच्या आठ-दहा सेंटिमीटर दाबासाठी केलेली असते. ज्योत पिवळी, लांब आणि भांडं काळं करणारी असेल तर हवा कमी, हवेची चकती थोडी उघडा. उतू गेलेल्या दुधानं बुजलेली छिद्रं तारेनं मोकळी करा, पण मोठी करू नका.

पुरात बुडालेला प्लँट

प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं यांना २०१९ आणि २०२१ च्या पुरात हा अनुभव आला. टाकी पुराच्या पाण्याखाली गेली की काला वाहून जातो आणि आत गाळ भरतो. पाणी ओसरल्यावर लगेच उपसू नका, जमिनीतलं पाणी अजून वर असतं. दोन-तीन आठवडे थांबा. तोवर मुख्य कॉक बंद आणि घरातली शेगडी सोडवून ठेवलेली बरी. नळीतलं गढूळ पाणी काढून टाका, टीचं बूच उघडून हवा मारा.

गाळ थोडा असेल तर उपसायची गरज नाही, नव्या काल्यानंच सुरुवात होते. पूर्ण उपसलात तर २ घनमीटरच्या टाकीला पहिल्या भरणीला साधारण दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. शेण दोन-तीन आठवडे आधीपासून सावलीत साठवा, त्यावर रोज पाणी शिंपडा, वाळू देऊ नका. भरताना धडक्या प्लँटची ४०० लिटर स्लरी मिसळली की गॅस लवकर धरतो. भरेपर्यंत मुख्य कॉक उघडा ठेवा, भरल्यावर बंद करा. हवामानाप्रमाणं दोन-तीन आठवड्यांत आउटलेट चढायला लागतं. पहिले दोन-तीन घुमट भरून येतील ते पेटवायचे नाहीत. त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड असतो आणि हवा मिसळलेला गॅस नळीतून मागं भडकू शकतो. घुमटाजवळचा कॉक उघडून तो मोकळ्यावर सोडून द्या. त्यानंतर शेगडीवर निळी ज्योत दहा मिनिटं टिकली की रोजचं शेण सुरू करा, पहिला आठवडा १५ किलो, दुसरा ३० किलो आणि तिसऱ्यापासून पूर्ण ५०.